मूल कोणाच्या भरवशावर?

(हिंगोली येथे भरलेल्या कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘असंघटित स्त्री-कामगार आणि बालसंगोपन’ असा छापलेला आहे. विषय भारदस्त आहे आणि त्यावर भारदस्त बोलणे अवघडही नाही. परंतु आज सकाळी चहाच्या वेळी मी येथे आलेल्या काही भगिनींना एक साधा प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून ठरविलेले भाषण बाजूला पडले आहे. मी विचारले, तुम्ही दिवसभर येथे बसणार. तुमची मुले आत्ता कोठे आहेत? एकीने सांगितले, सासूजवळ. दुसरीने सांगितले, शेजारणीकडे टाकून आले. तिसरी म्हणाली, मोठीजवळ. मोठी केवढी? नऊ वर्षांची. आज शाळा नाही का? आहे, पण आज तिला घरी ठेवून घेतले.

समोर बसलेल्या पुरुष सहकाऱ्यांना मी हा प्रश्न विचारला नाही. त्यांना उत्तर शोधावे लागले असते. हे म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. तीसेक वर्षे मोर्चे, मेळावे, सत्याग्रह यांत घालविली. त्या काळात माझी दोन मुले कोणी उचलली, कोणी जेववली, तापात कोण जागले, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. शोषणाचे सर्व हिशेब मांडणाऱ्या माणसाच्या वहीत हे एक पान कोरे राहिले.

आज मी एका बाईविषयी बोलणार आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. तशी तिची अट आहे. वसमतच्या कडेला एका वस्तीत दोन खोल्यांचे तिचे घर आहे आणि वस्तीतील सर्वजण तिला मावशी म्हणतात. ती घरी मुले सांभाळते. शहरात ज्याला पाळणाघर म्हणतात त्याची पाटी तिच्या दारावर नाही, आणि तो शब्दही तिच्या तोंडी नाही. ‘माझ्याकडं लेकरं असतात’ एवढेच ती म्हणते.

वसमत आणि हिंगोली ही हळदीची गावे आहेत हे तुम्हाला सांगायला नको. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला, आणि तो मानण्यासारखाच होता. पण ही हळद जमिनीतून निघते त्यानंतर तिच्यावर किती हात फिरतात हे मानांकनाच्या कागदावर येत नाही. गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, माती झाडणे, शिजविलेली हळद पसरणे, वाळत घालणे, फिरविणे, पुढे आडतीवर आणि गोदामात निवडणे, यांतील बरेचसे काम बायका करतात. काढणीचे आणि शिजवणीचे ते दोन-तीन महिने बाई सकाळी सातला घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. त्या दिवसांत शेतात एका बाजूला उकळत्या पाण्याची कढई किंवा वाफेचा बॉयलर असतो, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतो, आणि तेथेच सावलीला साडीच्या झोळीत मूल निजलेले असते. झोळीत आहे तोवर ठीक. ते रांगू लागले की आईच्या हाताला हळद आणि जिवाला घोर.

अशा आयांची मुले मावशीकडे येतात.

मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा दुपार होती. दार आतून लावलेले होते. मी हाक मारली, तर खिडकीतून म्हणाली, ‘भाऊ, दोघं निजलेत, ओट्यावर बसा, आत येऊ नका.’ मला थोडा राग आला, हे कबूल करतो. ओळखीचा कार्यकर्ता, वयाने मोठा, आणि मला ओट्यावर बसवते! नंतर कळले की मुले घरात असताना बाहेरचा पुरुष आत घ्यायचा नाही हा तिचा नियम आहे आणि तो तिच्या स्वतःच्या मुलाच्या मित्रांनाही लागू आहे. ‘कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का?’ असे तिने विचारले. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा आपल्याकडे २०१२ साली आला. अशा कृत्याची माहिती असूनही जो कळवीत नाही तोही त्या कायद्याने दोषी ठरतो, हे आपल्यातील किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? मावशीला कलमे ठाऊक नाहीत. मात्र मुलाला आंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना अंगावर वळ, चावा, डाग दिसला तर त्याच संध्याकाळी ती आईला बाजूला घेऊन विचारते. एकदा त्यावरून एका घराशी तिचे भांडण झाले. ते मूल यायचे बंद झाले, आणि तिने सांगितले ते खरे होते.

तिचे बाकीचे नियमही मी विचारून घेतले. सकाळी आठच्या आत तिचा स्वयंपाक उरकलेला असतो. मुले घरात असेपर्यंत चूल किंवा गॅस पेटत नाही, दूध कोमट करायचे तर शेजारच्या घरी करून आणते. पाण्याचे पिंप झाकणावर दगड ठेवून बंद, बादल्या पालथ्या. ‘लेकरू बुडायला विहीर लागत नाही, भाऊ, वीतभर पाणी पुरतं,’ हे तिचे वाक्य. रॉकेल, फिनेल, फवारणीचे औषध या घरात नाही. शेजाऱ्याने सरबताच्या बाटलीत रॉकेल भरून ठेवलेले दिसले तेव्हा तिने त्याच्या घरी जाऊन बाटली बदलायला लावली. तीन वर्षांखालच्या मुलाला शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका द्यायचा नाही, कारण तो श्वासात अडकतो. रोज सकाळी मुले येण्यापूर्वी ती हाताच्या पंजाने सगळी जमीन चाचपते. बटण, नाणे, सेल, तुटलेली काच सापडते. ती म्हणते, डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागते, आणि लेकराचा हात आपल्या हाताच्या आधी तिथे पोचतो. तान्हे मूल ती पाठीवर उताणे निजविते. मूल ज्याने आणून दिले त्याच्याच हाती परत जाते. काका आला, आजोबा आला, दारू न प्यालेला बाप आला, तरी आईचा निरोप असल्याशिवाय नाही. आणि ती मुले मोजते. बोलता बोलता, भाजी निवडता निवडता, मनाशी नव्हे तर मोठ्याने, एक दोन तीन चार पाच सहा. पहिल्या दिवशी मला वाटले, मुलांना अंक शिकवते आहे.

हे सारे तिने कोठे शिकले, असे विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही.

तिचा जन्म औंढा भागातला. आई-वडील ऊसतोडीला जात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल, पहाटेच्या अंधारात उठून फड गाठणे, मोळ्या बांधणे, गाडी भरणे, हे जीवन आपल्या बऱ्याच तांड्यांना आणि वस्त्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर कुटुंब निघे ते उन्हाळ्यात परत येई. ती त्या वर्षी नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ दीड वर्षाचा. आई-बाप फडात, कोपीवर ही आणि तो. भाकरी थापणे, पाणी आणणे, भाऊ सांभाळणे, तिन्ही कामे तिची. कोपीपासून काही पावलांवर पाटचारी होती. ती भाकरी उलटत होती तेवढ्या वेळात तो तेथवर गेला.

पुढचे मी सांगत नाही. आईने तिला मारले आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात गेले सगळे, कारण उचल फिटायची होती. त्या मृत्यूची नोंद कोठेही झाली नाही. तो अपघात समजला गेला, आणि कोणी दोष ठेवलाच असेल तर तो नऊ वर्षांच्या मुलीवर ठेवला गेला. ‘तिचं लक्ष नव्हतं’ हे वाक्य तिने पुढे कित्येक वर्षे लग्नकार्यात, मौतमातीत, नातेवाइकांच्या तोंडून ऐकले. एका बालकाचा जीव दुसऱ्या बालकाच्या हवाली कोणी केला, हे कोणी विचारले नाही.

मित्रहो, मराठवाड्यातील सर्वांत मोठे पाळणाघर कोणते असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, आठ ते बारा वर्षांच्या मुलीची कंबर. त्या कमरेवर आपली निम्मी शेतमजुरी उभी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलीला शाळेचा हक्क दिला. पण तिच्या कमरेवरचे मूल उतरवून कोणाकडे द्यावे हे त्या कायद्यात नाही. पटावरची मुलगी वर्गात का नाही याची कारणे शोधायला आपण समित्या नेमतो. त्यापेक्षा तिच्या घरी दीड-दोन वर्षांचे मूल आहे की नाही एवढे पाहावे.

आता पैशाचे बोलतो, कारण सुरक्षिततेचा प्रश्न शेवटी तेथे येऊन ठेपतो.

मावशी प्रत्येक मुलामागे आईच्या रोजच्या मजुरीचा दहावा हिस्सा घेते. तीनशे मिळाले तर तीस. हा दर तिने ठरविलेला नाही, वस्तीने ठरविला. त्याहून जास्त आयांना परवडत नाही. सहा मुलांवर आपण थांबायचे असा तिचा स्वतःचा नियम आहे, आणि त्या सहांत न चालणारी दोनच. म्हणजे सहा मुले पूर्ण दिवस सांभाळून तिच्या हाती आईच्या मजुरीच्या दहा भागांपैकी सहा भाग पडतात. सहा बायकांना मजुरीला जाता यावे म्हणून जी घरी बसते, तिची मजुरी त्या सहांपैकी प्रत्येकीपेक्षा कमी. एका बाईची पूर्ण मजुरी मिळवायची तर तिला दहा मुले घ्यावी लागतील, आणि दहा मुले घेतली की मोजता मोजता एक चुकते, हे तिला नवव्या वर्षापासून ठाऊक आहे. सहावर थांबून उरलेल्या चार मुलांचे पैसे ती रोज सोडून देते. मुलांच्या सुरक्षिततेची किंमत या गावात कोणी मोजत असेल तर ती बाई मोजते, स्वतःच्या पोटातून.

गेल्या हंगामात अकरा मुले घेऊन आया तिच्या दारात उभ्या होत्या. तिने सहा घेतली. उरलेल्या पाचजणींपैकी दोघी रागावल्या, एक रडली, एकीने तिथल्या तिथे शिव्या दिल्या. पाचवी काही न बोलता मूल कडेवर घेऊन शेताकडे गेली, आणि ते मूल त्या दिवशी शिजवणीच्या जागेपासून दहा पावलांवर निजले. मावशी संध्याकाळी मला म्हणाली, ‘लेकरू नाही घेतलं म्हणून ते सुखरूप होत नाही, भाऊ. माझ्या नजरेआड होतं एवढंच.’ पुढच्या दिवशी तिने सातवे घेतले. त्या आठवड्यात ती रात्री झोपली नाही असे तिची सून सांगते.

हा पेच मावशीने एकटीने सोडवावा असे आपण मानतो काय? समाज तिच्या मायेचे कौतुक करतो. मायेचे कौतुक स्वस्त आहे. मायाळू बाईजवळ चौदा मुले आणि पेटलेली चूल असेल तर तिची माया एकाही मुलाला भाजण्यापासून वाचविणार नाही; आणि फारशी मायाळू नसलेल्या बाईजवळ चार मुले, पुरेशी मजुरी आणि मदतीला दुसरी बाई असेल तर ती मुले संध्याकाळी धडपणे घरी जातील. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयेने मारहाण केल्याचे चित्रण वाहिन्यांवर दिसले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही, मीही नाही. पण त्यानंतर पाळणाघरांत कॅमेरे बसवा, ही मागणी जितकी जोरात झाली तितक्या जोरात एका आयेकडे किती मुले असावीत आणि तिला काय पगार असावा याची चर्चा झाली नाही. मार पडून गेल्यावरच कॅमेऱ्यात तो दिसतो. आणि ज्या वस्तीत वीज चार वेळा जाते तेथे कॅमेरा कोणाला दाखविणार?

कायद्याने या प्रश्नाला हात घातलेलाच नाही असे नाही. तो कोठवर घातला ते पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पुन्हा पन्नास स्त्रिया. २०१७ मध्ये प्रसूतिलाभ कायदा सुधारला, तेव्हा पन्नास कर्मचाऱ्यांची आस्थापना. २०२० च्या श्रमसंहितांतही पन्नासच. या सर्व आकड्यांत एक गृहीत आहे, ते असे की आईला एक मालक आहे, त्याच्या एका छपराखाली ती अनेकींबरोबर काम करते आणि तो मालक शोधून धरता येतो. हळदीच्या शेतात आज एकाकडे, परवा दुसऱ्याकडे जाणाऱ्या आमच्या बाईचा मालक कोण? तिच्यापुरता पन्नासचा आकडा कधी भरतच नाही.

अंगणवाडी आहे, असे कोणी म्हणेल. अंगणवाडीविषयी मी अनादराने बोलणार नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ गेल्या. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदत होती. मोठ्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात सोडावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे, इतका साधा आणि इतका खोल विचार त्यामागे होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. पण कोसबाडच्या त्या तीन खोल्यांपैकी पाळणाघराची खोली वाटेतच राहून गेली. अंगणवाडीत बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल, आणि तेही काही तास. तीन वर्षांखालच्या मुलाला शिधा मिळतो, लस मिळते, वजन होते. त्याला सांभाळायला तेथे कोणी नाही. दुपारी अंगणवाडी मिटते, आई मात्र दिवेलागणीला येते. ‘पाळणा’ या नावाने २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याची केंद्राची योजना आहे, तिच्या नियमांत महिन्याचे सव्वीस दिवस आणि दिवसाचे साडेसात तास असे लिहिले आहे. ती योजना वाड्यावस्त्यांवर उतरावी ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

तथापि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक तरतूद, आणि ती आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. २ फेब्रुवारी २००६ रोजी ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला त्यांत हिंगोली होता. अवघ्या सात वर्षांपूर्वी, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. त्या कायद्याच्या परिशिष्टात असे लिहिले होते की कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या स्त्रियांपैकी एकीला मुले सांभाळण्याच्या कामावर नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी.

हे वाक्य पुन्हा ऐका. पाच मुले, एक बाई, पूर्ण मजुरी. मुले सांभाळणे हे खडी फोडण्याइतके, माती उचलण्याइतके काम आहे असे या देशाच्या संसदेने २००५ साली लिहून दिले. मावशीने स्वतःच्या अनुभवातून सहाचा आकडा काढला होता, कायद्याने पाचाचा काढला. दोघांत फरक एवढाच की कायद्याने पाच मुलांना पूर्ण मजुरी जोडली आणि मावशीला सहांमागे सहा दशांश मिळते.

मी या जिल्ह्यात पाहिलेल्या कामांवर अशी नेमलेली बाई मला फार थोड्या वेळा दिसली. कारण विचारले तर सांगत, बायका मुले आणतच नाहीत. आणत नव्हत्या, कारण तेथे सांभाळायला कोणी नव्हते. आणि सांभाळणारी नेमली जात नव्हती, कारण मुले आणली जात नव्हती! १९७२ च्या दुष्काळात खडीच्या ढिगाऱ्यांजवळ झाडाला टांगलेल्या झोळ्या पाहिलेली माणसे येथे बसली आहेत. त्यांना विचारा, हा प्रश्न किती जुना आहे. दोष केवळ अधिकाऱ्यांचा नाही. हजेरीपट, दाखला, उशिरा मिळालेली मजुरी, यांवर आपण मोर्चे काढले. सांभाळणारीच्या नेमणुकीसाठी एक तरी निवेदन दिल्याचे मला आठवत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा संमत केला. त्याविषयी आपला जो वाद आहे तो वेगळ्या सत्रात होईल. येथे एवढेच म्हणतो की कामाची व्यवस्था कोणत्याही नावाने आली तरी पाच मुलांमागे एका बाईची पूर्ण मजुरी हे तत्त्व आता मागे घेऊ देता कामा नये, आणि ते कामाच्या जागेवरून वस्तीत आणले पाहिजे.

यावर आपल्याच एका सहकाऱ्याने मला आक्षेप घेतला आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे की घराघरांत मुले सांभाळणाऱ्या बायकांना मान्यता देणे म्हणजे सरकारला पळवाट देणे. सरकारने इमारत बांधावी, शिक्षित सेविका नेमाव्यात, नियमित वेतन द्यावे; ते सोडून एखाद्या गरीब बाईच्या दोन खोल्यांत गरिबांची मुले कोंबायची आणि त्याला योजना म्हणायचे, हे समाजवादी माणसाने मागू नये.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात नेमके हेच घडले. १९८६ च्या सुमारास तेथील सरकारने गरीब वस्त्यांत ‘सामुदायिक घरे’ सुरू केली. वस्तीतील एक स्त्री आपल्या घरी शेजाऱ्यांची बारा-पंधरा मुले सांभाळी. अक्षरशः लाखो मुले अशा घरांत वाढली. पण त्या स्त्रियांना सरकारने कामगार मानले नाही. त्या समाजसेवा करतात असे ठरवून वेतनाऐवजी एक तुटपुंजा भत्ता दिला. त्यांनी संघटना बांधली, संप केले, न्यायालयात गेल्या, आणि २०१४ साली त्यांना रीतसर नोकरीचा करार मिळाला. तोवर पहिल्या पिढीतील बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या, निवृत्तिवेतनाशिवाय.

आपल्याकडच्या ‘मानधन’ या शब्दाची आठवण यावी असाच हा इतिहास आहे. अंगणवाडी सेविकेला आपण वेतन देत नाही, मानधन देतो. या शब्दात मान आहे आणि धनही आहे, फक्त दोन्ही प्रत्यक्षात नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, तो योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळिसाव्या वर्षी. आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. तेव्हा सहकाऱ्याची भीती खोटी नाही.

तरीही मी त्यांच्याशी सहमत होत नाही. इमारत होईल तेव्हा होईल. मूल आज रांगते आहे. मावशीचे घर सरकारच्या परवानगीची वाट न पाहता चालू आहे, आणि वसमत, कळमनुरी, सेनगाव, जेथे जेथे बायका मजुरीला जातात तेथे अशी घरे आहेत. आपण त्यांना मान्यता न दिल्याने ती बंद होणार नाहीत, फक्त अंधारात राहतील. ब्रिटनने १९४८ साली, म्हणजे आपला कारखाना कायदा झाला त्याच वर्षी, घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांची नोंदणी करणारा कायदा केला आणि एका घरी किती मुले असावीत यावर मर्यादा घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. नुसती नोंदणी आली आणि मजुरी आली नाही तर मात्र आपल्याकडे काय होईल हे मला दिसते. एक निरीक्षक येईल, खोली लहान आहे म्हणून नोटीस देईल, आणि ती मागे घेण्याचे पैसे घेईल. म्हणून आधी मजुरी आणि मग मर्यादा, हा क्रम सोडायचा नाही. ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने अशा प्रत्येक घरातील बाईला पूर्ण मजुरी द्यावी, पाचसहा मुलांपुढे जाऊ नये असे सांगावे आणि सातवे मूल आले तर दुसरी बाई नेमावी. देखरेख कोणी करावी? ज्यांची मुले तेथे असतात त्या आयांनी. त्या रोज दोनदा त्या दारात येतात. इतक्या वेळा कोणता निरीक्षक येणार आहे? भाजणे, बुडणे, गुदमरणे, विंचू-साप यांवर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे याचे शिक्षण तालुक्याच्या रुग्णालयात देता येईल. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगासमोर मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका खेड्यात वाढले. त्यांनी दाखविलेला उपचार हाताशी आहे हे आमच्या वस्तीतील सांभाळणारीला माहीत नसावे, ही शरमेची गोष्ट आहे.

आणि घर या शब्दाने कोणी बिचकू नये. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले ते स्वतःच्या घरात. तेथे येणाऱ्या विधवांची बाळंतपणे आणि मुलांचा सांभाळ सावित्रीबाईंनी स्वतः केला. तेथेच जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. त्या काळी सरकार हे करणार नव्हते, म्हणून त्यांनी केले. पण त्याच जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाचा भार सरकारने उचलावा असे ठणकावून सांगितले. घरी दार उघडणे आणि सरकारच्या दारावर धडका देणे यांत त्यांना विसंगती दिसली नाही.

शेवटी एक हकीकत सांगतो आणि थांबतो. दोन वर्षांपूर्वी मजुरीच्या प्रश्नावर आपण जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. वसमतहून तीन गाड्या बायका आल्या, घोषणा जोरात झाल्या, वर्तमानपत्रात आकडा छापून आला. त्या दिवशी मावशीने स्वतःचा नियम मोडून नऊ मुले घेतली, तिच्या सुनेने कामावर खाडा केला आणि दोघींनी मिळून ती सांभाळली. मोर्चाला आलेल्यांची यादी आपल्या कार्यालयात आहे. मी ती काढून पाहिली. त्यात या दोघींची नावे नाहीत.

आता कामाचे. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या दोन वस्त्यांत घरोघर जाऊन तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत. तीन वर्षांखालची मुले किती, आई कामावर असताना ती कोणाजवळ असतात, आणि जिच्याजवळ असतात तिचे वय काय. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. वय आठ असेल तर आठ लिहायचे. कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणानंतर तालुकावार बसू.